मुलांना घेऊन मोठ्या शहरात तीन रात्री: आधी काय ठरवावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन रात्रींचा मुक्काम, त्यात पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासाचा. शहर मोठं, आणि तुम्हा चौघांपैकी कुणीच ते पाहिलेलं नाही. मुलगा सात वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. तुम्ही चौदा ठिकाणांची यादी केली आहे आणि ती कोणत्या क्रमाने लावली म्हणजे मुलं कंटाळणार नाहीत, असं विचारलं आहे.

शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हेच गेली बरीच वर्षं माझं काम आहे, म्हणून स्पष्टच सांगते: क्रम कसाही लावा, ही यादी बसणार नाही. तुम्ही ठिकाणं मोजली आहेत, त्यांच्यातली अंतरंही मोजली आहेत. मुलांचा दम किती टिकतो, हे मात्र कुठेच धरलेलं नाही, आणि शहराच्या सहलीत सगळं शेवटी तिथेच येऊन अडतं. मोठी माणसं दमली तरी रेटून नेतात. सात वर्षांचा मुलगा मात्र ‘मी दमलो’ असं म्हणत नाही. तो बहिणीला ढकलतो, पाणी पुढे केलं तर नको म्हणतो, मोजा टोचतोय म्हणून भर रस्त्यात फतकल मारून बसतो. आपण त्याला हट्ट म्हणतो. बहुतेक वेळा ती भूक असते, पाय दुखत असतात, नाहीतर सकाळपासून ‘चल, चल लवकर’ ऐकून आलेला वैताग असतो.

काही गोष्टी तुमच्या तुम्हीच ताडून पाहायला हव्यात, कारण त्यावर उत्तर बदलतं. तुम्ही कोणत्या ऋतूत जाताय? कडक उन्हाळा असेल तर दुपारचे तीन तास बाहेरच्या हिशोबातून सरळ वजा करा. मुलं रोज किती चालतात? रोज मैदानावर खेळणारी मुलं आणि शाळेच्या बसने जाऊन-येऊन घरात बसणारी मुलं यांच्यात फार फरक पडतो. कुणाला गाडी लागते का? गर्दी आणि गोंगाट कुणाला असह्य होतो का? तसं असेल तर मी पुढे जे सांगते आहे त्यातलंही निम्मंच धरा आणि त्यात कमीपणा मानू नका.

आता एका पूर्ण दिवसाचा हिशोब करू. ६ ते १२ वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ची शिफारस आहे. तुमची दोन्ही मुलं त्याच वयोगटात येतात. १० तास झोप धरली तर उरले १४. उठणं, अंघोळी, नाश्ता, आवराआवर यात दोन तास जातात, कारण चौघांना एकच बाथरूम असतं. जेवणं आणि मधलं खाणं मिळून अडीच. जाणं-येणं, रांगा, तिकिटं, चुकलेले रस्ते मिळून आणखी अडीच. दुपारची विश्रांती दीड, रात्री खोलीवर परतून झोपेपर्यंत दीड. उरले चार तास. दोन पूर्ण दिवसांचे मिळून आठ, आणि पहिली संध्याकाळ व शेवटची सकाळ धरून आणखी तीन-चार. चौदा ठिकाणं तुम्हाला या बारा तासांत बसवायची आहेत.

दुपारची विश्रांती काढून टाकली तर दीड तास वाचेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो वाचत नाही. दुपारी खोलीवर जाऊन पाय वर करून पडलेली मुलं संध्याकाळी पुन्हा ताजी होतात, आणि शहराची संध्याकाळ हा अनेकदा दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग असतो. विश्रांती न मिळालेली मुलं चार-पाच वाजता कोलमडतात आणि मग ती संध्याकाळ कुणालाच मिळत नाही. अजून एक: फोनवरचा नकाशा चालण्याचा वेग साधारण ताशी ५ किलोमीटर धरतो. तो बारा मिनिटं म्हणाला तर मुलांबरोबर अठरा धरा, आणि बाजारपेठेतून वाट असेल तर पंचवीस.

म्हणून माझा ठोकताळा असा: पूर्ण दिवसाला एकच मोठी गोष्ट, ती सकाळी, दार उघडताच. संध्याकाळी एक हलकी गोष्ट, मोकळ्या हवेतली. मोठी म्हणजे जिथे तिकीट, रांग आणि लक्ष लागतं: संग्रहालय, किल्ला, राजवाडा, प्राणिसंग्रहालय. हलकी म्हणजे जिथून केव्हाही उठून निघता येतं: बाग, नदीकाठ, बोटीची फेरी, जुना बाजार, उंचावरून दिसणारं शहर. एका दिवसात दोन मोठ्या गोष्टी कधीच ठेवू नका, त्या शेजारी-शेजारी असल्या तरीही. ‘आलोच आहोत तर हेही बघून घेऊ’ या वाक्याने जितक्या सहली बिघडतात तितक्या पावसानेही बिघडत नाहीत.

कोणती ठेवायची आणि कोणती गाळायची, हे मुलांना बरोबर घेऊन ठरवा, पण त्यांच्यापुढे चौदा नावं टाकू नका. तुम्ही दोघं आधी यादी सहा-सातवर आणा, प्रत्येकाचा एक फोटो दाखवा आणि चौघांपैकी प्रत्येकाने एकच निवडायचं, ‘हे राहिलं तर मला खरंच वाईट वाटेल’ असं. तुम्हा दोघांनीही निवडायचं. आईवडिलांना काहीच हवं नसतं अशा सहलीत मुलं गिऱ्हाइकासारखी वागू लागतात. आणि मुलाने जे निवडलं ते पाळायचं, आपल्याला ते कितीही किरकोळ वाटलं तरी. मी ज्यांची सहल आखून दिली अशा एका कुटुंबातल्या आठ वर्षांच्या मुलाने बोटींसाठी वर उचलला जाणारा पूल निवडला होता. पूल उघडण्याच्या वेळा आधीच जाहीर झालेल्या होत्या, त्यामुळे आम्ही एक संध्याकाळ त्यासाठीच ठेवली. तो कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला, थांबलेल्या गाड्यांची रांग मोजत, पुलाच्या दोन्ही बाजू एकदम उचलतात की आगेमागे हे बघत. त्याच्या आईने मला नंतर सांगितलं की घरी आल्यावर त्याने पुठ्ठ्याचा तसाच पूल केला, आणि बिजागरी कुठे लावायची हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. राजवाड्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

मोठ्या गोष्टी ठरल्या की सगळ्यात आधी त्यांचे बंद असण्याचे वार बघा. हे इतकं साधं आहे, तरी याच बाबतीत माणसं सर्रास फसतात, कारण प्रत्येक जागेचा वार वेगळा. ताजमहाल शुक्रवारी बंद. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तर त्याच शहरातलं ओर्से संग्रहालय सोमवारी. काही ठिकाणी दारावर तिकीट मिळतच नाही: अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाउस या संग्रहालयाची तिकिटं फक्त ऑनलाइन, आणि सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तिकिटं दर मंगळवारी खुली होतात. मुलांसाठी प्रवेश मोफत असला तरी वेळेचा स्लॉट घ्यावा लागू शकतो. लूव्र १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मोफत आहे, भारतात पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, लंडनच्या भुयारी रेल्वेत ११ वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात. या वयोमर्यादा जागोजागी निराळ्या असल्यामुळे दोन्ही मुलांचा वयाचा पुरावा जवळ ठेवा, विशेषतः मुलीचा. बारा वर्षं हे नेमकं काठावरचं वय आहे.

स्लॉट घेताना पहिलाच घ्या, किंवा फार तर दुसरा. सकाळी रांग कमी असते आणि मुलांचं डोकं ताजं असतं. पण एक दिवस तरी असा ठेवा की ज्यात वेळेचं एकही तिकीट नाही. दोन्ही दिवस घड्याळाला बांधले तर तुमचा आवाज सकाळपासूनच चढलेला राहील.

तुमच्या यादीत तीन संग्रहालयं आहेत. त्यातलं एक ठेवा. संग्रहालयात येणारा थकवा मुलांच्या अंगचोरपणातून येत नाही. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये याच विषयावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांतल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले, उत्तरं शोधायला सांगितलं आणि त्या वेळचे त्याचे फोटो काढले. फोटोंत तो वाकलेला, गुडघे मुडपलेला, मान वाकडी करून चिठ्ठी वाचणारा दिसतो. धडधाकट मोठ्या माणसाची ही गत असेल, तर ज्याचं डोकंच कपाटाच्या खालच्या कडेपाशी येतं त्या मुलाला काय दिसत असेल? तुम्ही तिथे जाल तेव्हा एकदा मुलाच्या उंचीला खाली बसून समोर बघा. अनेकदा काचेवर पडलेला दिव्याचा उजेड आणि पुढच्या माणसाची पाठ, एवढंच दिसतं.

त्यामुळे संग्रहालयाला दीड तास, त्याहून जास्त नाही. आणि संग्रहालयाच्या दुकानात आधी जा, शेवटी नाही. तिथे वस्तूंची चित्रं असलेली पोस्टकार्डं मिळतात. प्रत्येक मुलाला तीन निवडू द्या आणि मग त्या सहा वस्तू शोधत फिरा. एखादी मूर्ती खिशातल्या चित्राशी जुळली की मूल थांबून बघतं: चित्रात हाताचं बोट तुटलेलं दिसत नव्हतं, इथे दिसतंय, चित्रात ती मोठी वाटली होती, प्रत्यक्षात तळहाताएवढी आहे. सहा वस्तू नीट पाहून झाल्या की बाहेर पडा. उरलेल्या दालनांकडे बघून हळहळू नका, निदान मुलांसमोर तरी.

मुक्कामाच्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण वरचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुपारी खोलीवर परतायचं असेल तर खोली परतण्याजोग्या अंतरावर हवी. शहराबाहेरचं स्वस्त, ऐसपैस हॉटेल रोज दोन तास खातं आणि दुपारची विश्रांती अशक्य करून टाकतं. लहानशी का होईना, पण मधल्या भागातली खोली घ्या. मी तीन गोष्टी बघते: मेट्रोचं किंवा बसचं ठिकाण मुलांच्या पायाने दहा मिनिटांच्या आत आहे का, तिथून तुमच्या दोन्ही मोठ्या ठिकाणांना गाडी न बदलता जाता येतं का, आणि जवळ मुलांना पळता येईल अशी बाग किंवा मोकळी जागा आहे का. तिसरी गोष्ट लोक विसरतात. दिवसभर ‘हात लावू नको, पळू नको, हळू बोल’ ऐकलेल्या मुलाला अर्धा तास नुसतं धावायला मिळालं की रात्र शांत जाते. पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलच्या चकचकीतपणात वाचवा, अंतरात नको. तीन रात्रींत हॉटेल बदलायचं तर मुळीच नाही.

इथवरचं तुमच्या चार दिवसांवर मांडून पाहू. पहिल्या दिवशी पोहोचल्यावर सामान टाकायचं आणि शहराचा अंदाज येईल असं काहीतरी बसल्या-बसल्या करायचं: बोट, ट्राम, उघड्या टपाची बस. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली मोठी गोष्ट, दुपारी खोली, संध्याकाळी मुलाची निवड. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी मोठी गोष्ट, दुपारी पुन्हा खोली, संध्याकाळ मुलीची. चौथ्या दिवशी सकाळी जे आवडलं तिथे परत. छपराखालचं एखादं ठिकाण पावसासाठी राखून ठेवा आणि पाऊस आला नाही तर ते खुशाल सोडून द्या.

आता तुमच्या मुलीविषयी. प्रश्नात तिचा उल्लेख वयापुरताच आला आहे, म्हणून मला जरा थांबावंसं वाटतं. सात आणि बारा यांच्या सहलीत बेत सहसा सातच्या मापाने होतो आणि बाराच्या वाट्याला ‘तू मोठी आहेस ना, समजून घे’ एवढंच येतं. मग ती फोनमध्ये डोकं घालून बसते आणि आपण फोनला दोष देतो. त्याऐवजी एक अर्धा दिवस चौघे दोन-दोन असे वेगळे व्हा. एकजण मुलाला घेऊन बागेत जाईल, दुसरा मुलीला घेऊन तिने निवडलेल्या जागी, मुलाला लवकर कंटाळा आला असता अशा. आणि तिला एक खरंखुरं काम द्या. मी बहुतेक वेळा मेट्रोचा नकाशा या वयाच्या मुलाकडे सोपवायला सांगते: कोणती लाइन, कोणत्या दिशेची गाडी, कितवं स्टेशन, कुठे बदलायचं. तिने चुकीच्या दिशेच्या फलाटावर नेलं तर तिथे लगेच अडवू नका. एक स्टेशन पुढे जाऊ द्या, तिचं तिलाच कळेल, आणि परत यायला दहा मिनिटं लागतील. दुसऱ्या दिवशी ती फलाटावर उतरायच्या आधीच पाटी वाचते. तुम्ही मात्र वेळेचं तिकीट असलेल्या सकाळी ही जबाबदारी तिच्यावर टाकू नका, ते तिच्यावर अन्यायाचं होईल.

मेट्रोवरून आठवलं: चुकामूक झाली तर काय करायचं, हे घरीच ठरवून जा. नियम दोनच ठेवा. गाडीचं दार बंद झालं आणि मुलं फलाटावर राहिली, तर त्यांनी तिथून हलायचं नाही, मोठं माणूस परत येईल. मुलं गाडीत चढली आणि तुम्ही राहिलात, तर त्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. हे निघण्यापूर्वी दोन-तीनदा मुलांकडून वदवून घ्या, मुलाकडून वेगळं आणि मुलीकडून वेगळं. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या. रोज सकाळी निघताना दोघांचा एक फोटो काढा, म्हणजे कधी कुणाला वर्णन करून सांगायची वेळ आलीच तर आज कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता हे आठवत बसावं लागणार नाही. मोठ्या जागेत शिरल्यावर पहिल्या मिनिटाला भेटायची जागा दाखवायची, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचा गणवेशही.

खाण्यापिण्याचं फार बोलत नाही. भूक लागल्यावर जागा शोधू नका, त्याआधी अर्धा तास बसा. जेवणाची गर्दी सुरू होण्यापूर्वी गेलात तर टेबलही मिळतं आणि मुलं वाट पाहून चिडत नाहीत. पिशवीत ओळखीचा सुका खाऊ आणि पाणी कायम हवं, आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, गरज वाटो वा न वाटो.

शेवटच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर, कारण तो बहुतेक कुटुंबं वाया घालवतात किंवा कोंबून भरतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काह्नेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एकदा ६० सेकंद अगदी गार पाण्यात हात ठेवायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा, पण मुलांच्या सहलीतही मला हेच दिसत आलं आहे. शेवटचा अर्धा दिवस धावपळीत, सामान ओढत, एकमेकांवर ओरडत गेला तर घरी आल्यावर मूल तेच सांगतं. म्हणून चौथ्या दिवशी नवीन काहीही ठेवू नका. खोली सोडायची वेळ सकाळची आणि गाडी संध्याकाळची असेल, तर सामान हॉटेलवर ठेवता येईल का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. नाहीतर स्टेशनवर सामान ठेवायची सोय आणि तिची बंद होण्याची वेळ बघा. मग तीन दिवसांत मुलांना जी जागा सगळ्यात आवडली तिथेच पुन्हा जा. ओळखीच्या जागी मुलं तुमच्यापुढे चालतात आणि तुम्हालाच वाट दाखवतात.

परतीची वेळ मात्र आत्ताच तपासा. तुम्ही रविवारी रात्री साडेअकराला घरी पोहोचणार आहात आणि सोमवारी सकाळी शाळा आहे, असं तुमच्या बेतावरून दिसतं. शक्य असेल तर सगळंच एक दिवस आधी सरकवा. ते जमत नसेल तर एक रात्र आणि एक मोठी गोष्ट कमी करा आणि शनिवारी संध्याकाळी घरी या.